यादी सांभाळणारा माणूस : जॉन पोस्टेल

मित्रांनो, हॉस्टेलवर नेट बंद पडलं की आपण काय करतो? आधी आरडाओरडा. मग शेजारच्या रूममध्ये चालू आहे का ते बघून येतो. शेवटी कुणीतरी हुशार पोरगा काळी खिडकी उघडून गेटवेला पिंग मारतो. उत्तर आलं तर बिघाड पुढे कुठेतरी. नाही आलं तर आपली वायर, नाहीतर मजल्यावरचा स्विच. एवढं निदान फर्स्ट इयरवालाही करतो. पण कधी विचार केलाय का, की त्या गेटवेने आपल्याला उत्तर का द्यावं? तो कुठल्या कंपनीचा, कुठल्या देशात बनलेला, आपला त्याचा काय संबंध? तरी हाक मारली की तो ओ देतो. कारण ओ द्यायची असा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये एका माणसाने लिहून ठेवला. त्या माणसाचं नाव जॉन पोस्टेल. तो जाऊन आता पाव शतक उलटून गेलं, पण त्याने लावलेली शिस्त आपल्या प्रत्येक पॅकेटमध्ये आहे.

आता थोडं घराजवळचं बोलू. ठाणे स्टेशनातून पश्चिमेला उतरून नौपाड्यात शिरलं की बी-केबिनचा भाग लागतो. नाव सरळसरळ रेल्वेच्या केबिनवरून पडलेलं. ज्या ठाण्यात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी आली, तिथे केबिन हे गावाचं नाव व्हावं यात नवल नाही. केबिनवाल्याचं काम काय? आपल्या हद्दीत किती रूळ, कुठली लाइन मोकळी, कुठे गाडी उभी, हे खिडकीत बसून सतत माहीत असणं. तिथून पुढे गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी असं चालत गेलात तर दुसरी गोष्ट दिसेल. जुन्या दोन-तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे राहिलेत. इमारत बदलली, माणसं बदलली, पण पत्ता तोच. आणि कुठला पत्ता अजून जिवंत आहे, कुठे पत्रे ठोकलेत, कुठे नवी विंग आलीय हे पोस्टमनला बरोबर माहीत असतं.

नेटवर्क मॉनिटरिंग म्हणजे हीच दोन कामं. केबिनवाल्याची नजर आणि पोस्टमनची यादी. नागिओस, झॅबिक्स, ओपनएनएमएस ही नावं सर्व्हर रूममध्ये गेलेल्यांनी ऐकली असतील. कुठला स्विच चालू, कुठला सर्व्हर गरम, कुठली लिंक भरली हे ती सॉफ्टवेअर दाखवतात. पण एक मेख आहे. जे यंत्र यादीत नाही त्यावर नजर नाही! आणि कॅम्पसवरची यादी हाताने भरायची म्हणजे शेकडो स्विच, ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर, कॅमेरे. म्हणून ऑटो-डिस्कव्हरी आली. सॉफ्टवेअरला पत्त्यांचा पट्टा द्यायचा. ते स्वतःच घरोघर जाऊन कडी वाजवतं, कोण आहे विचारतं आणि यादीत नाव घालतं. या कामाच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर पोस्टेलचा हात आहे. कसा, ते त्याच्या आयुष्याबरोबरच बघू.

जोनाथन पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावचा. शाळा व्हॅन नाइस हायस्कूल. गंमत बघा, याच शाळेत विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही शिकले. तिघेही पुढे इंटरनेटच्या इतिहासात गेले. एका शाळेचा असा रेकॉर्ड दुसरीकडे सापडणं कठीणच. पोस्टेलने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएतून, १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स केलं आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी मिळवली. प्रबंधाचा विषय होता नेटवर्कच्या प्रोटोकॉलचं ग्राफच्या साह्याने विश्लेषण.

पण खरं शिक्षण वर्गाबाहेर चाललं होतं. यूसीएलएत प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्याकडे अर्पानेटचं नेटवर्क मेझरमेंट सेंटर होतं. नावातच सगळं आलं. जगातल्या या पहिल्या पॅकेट नेटवर्कवर मुद्दाम भार टाकायचा, ते कुठे अडतं ते मोजायचं, हे या सेंटरचं काम. सप्टेंबर १९६९ मध्ये अर्पानेटचं पहिलं यंत्र यूसीएलएत बसलं आणि २९ ऑक्टोबरला तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची सिस्टिम कोसळली. म्हणजे पहिल्याच दिवशी मॉनिटरिंगची गरज सिद्ध झाली म्हणायची! वर्षअखेरीस नेटवर्कवर चार ठिकाणं होती. चार यंत्रांना कसली ऑटो-डिस्कव्हरी? बोटांवर मोजता येत होती.

या पोरांना (होय, बहुतेक सगळे आपल्यासारखे विद्यार्थीच होते) नियम लिहून ठेवायचे होते, पण आपण कोण मोठे लागून गेलो, असा संकोचही होता. म्हणून क्रॉकरने एप्रिल १९६९ मध्ये टिपणांची एक मालिका सुरू केली आणि तिला नम्र नाव दिलं, रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजे आरएफसी. या टिपणांना क्रमांक देणं, तपासणं, जपणं हे काम लवकरच पोस्टेलकडे आलं आणि मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. ज्या वेळी त्याने काम संपवलं त्या वेळी टिपणांचा आकडा २४०० च्या पुढे गेला होता.

दुसरं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. एका यंत्रावर अनेक सेवा चालतात. कुठली सेवा कुठल्या क्रमांकावर ऐकणार हे सगळ्यांनी एकच मानलं नाही तर गोंधळ ठरलेला. मे १९७२ मध्ये त्याने ३४९ क्रमांकाचं छोटंसं टिपण लिहिलं. त्यात सुचवलं की हे क्रमांक वाटायला एक मुखत्यार असावा, आणि तो बहुधा मीच, असं कंसात प्रश्नचिन्ह टाकून जोडलं. कुणी हरकत घेतली नाही. काम कंटाळवाणं होतं, हरकत कोण घेणार! ही यादी आधी वहीच्या कागदावर होती असं सांगतात. पुढे जॉइस रेनॉल्ड्स ही सहकारी त्याच्याबरोबर हे काम करू लागली आणि या कारभाराला आयाना असं नाव पडलं. एफटीपी २१, मेल २५, वेब ८० हे आपण व्हायव्हात पाठ म्हणून दाखवतो ते आकडे याच यादीतले.

मार्च १९७७ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने एक महत्त्वाचं टिपण लिहिलं. तेव्हा टीसीपी हा एकच मोठा प्रोटोकॉल होता. पॅकेट एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नेणं आणि दोन टोकांमधला संवाद नीट ठेवणं ही दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात. पोस्टेलचं म्हणणं, हे चुकतंय, थर वेगळे करा. त्याचं आणि इतरांचंही ऐकलं गेलं आणि टीसीपी व आयपी वेगळे झाले. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याने संपादित केलेली तीन टिपणं ओळीने आली : ७९१ आयपी, ७९२ आयसीएमपी आणि ७९३ टीसीपी. सेमिस्टरला आपण रात्र जागून जे पाठ करतो ते हेच.

यातलं मधलं, ७९२, आपल्या गोष्टीचं मूळ. आयपी पॅकेट पोचेलच याची हमी देत नाही. मग रस्त्यात काय बिघडलं हे पाठवणाऱ्याला कळणार कसं? त्यासाठी आयसीएमपी. ठिकाण सापडत नाही, वेळ संपली, अशा तक्रारी त्यातून परत येतात. आणि त्यात एक साधा प्रकार आहे, क्रमांक ८ म्हणजे हाक आणि क्रमांक ० म्हणजे ओ. दोन वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या माइक म्यूसने नेटवर्क विचित्र वागतंय म्हणून एका रात्रीत छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला पिंग नाव दिलं. म्यूसही नोव्हेंबर २००० मध्ये अपघातात गेला. प्रोग्राम त्याचा, पण ओ देण्याची सक्ती पोस्टेलच्या टिपणातली.

आता ऑटो-डिस्कव्हरी कशी चालते ते बघा. समजा एका मजल्याचा सबनेट चोवीस बिटांचा आहे. त्यात यंत्रांना देता येतील असे पत्ते २५४. सॉफ्टवेअर एकेकाला पिंग करतं. ज्याने ओ दिली तो जिवंत. ही पहिली पायरी. मग त्या यंत्रावर कुठली दारं उघडी आहेत ते बघतं. ८० उघडं म्हणजे वेब सर्व्हर असावा, २५ उघडं म्हणजे मेल. ही दुसरी पायरी, आणि हा अंदाज बांधता येतो तो फक्त पोस्टेलच्या यादीमुळे. तिसरी पायरी एसएनएमपीची. हा प्रोटोकॉल पोस्टेलचा नव्हे. केस, फेडर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांचा, १९८८ चा. पण तो १६१ क्रमांकाच्या दारावर ऐकतो, हे आयानाच्या यादीत. सॉफ्टवेअर विचारतं, तू नेमका कोण? यंत्र उत्तरादाखल एक लांबलचक आकडा देतं, ज्याची सुरुवात १.३.६.१.४.१ अशी असते. पुढचा आकडा कंपनीचा. २ म्हणजे आयबीएम, ९ म्हणजे सिस्को, ११ म्हणजे एचपी, ३११ म्हणजे मायक्रोसॉफ्ट. त्यावरून सॉफ्टवेअर ठरवतं की हा सिस्कोचा स्विच, याला स्विचचा टेम्प्लेट लावा, याचे पोर्ट मोजा. कंपन्यांना हे आकडे वाटणारी वही कुणाची? तीच, आयानाची!

अर्थात सगळं इतकं गुळगुळीत नसतं. फायरवॉलने पिंग अडवलं की जिवंत यंत्र मेलेलं दिसतं. एका राउटरला दहा पत्ते असले की तो दहा वेगवेगळी यंत्रं म्हणून यादीत शिरतो. मग नाव किंवा सिरियल नंबर जुळवून जुळी काढावी लागतात. कुणाचा लॅपटॉप त्या क्षणी चालू असला की तो कायमचा सर्व्हर समजून नोंदला जातो, आणि पोरगं घरी गेलं की रात्री दोन वाजता ॲडमिनच्या फोनवर धोक्याची घंटा. आयपी व्ही-६ मध्ये तर कडी वाजवत फिरणंच अशक्य. एका सबनेटमध्ये २ चा ६४ वा घात इतके पत्ते. सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले तरी ५ लाख ८४ हजार वर्षं लागतील. म्हणून तिथे शेजारच्या राउटरला आणि स्विचला विचारावं लागतं, बाबा, तुझ्या ओळखीचे कोण कोण? पोस्टमन आपल्या भागात तेच करतो. नव्या बिऱ्हाडाचा पत्ता लागला नाही की वाण्याला विचारतो.

इथे पोस्टेलचं एक तत्त्व आठवतं. १९८० मध्ये टीसीपीच्या मसुद्यात त्याने लिहिलं की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार असावं. वेगवेगळ्या विद्यापीठांतली, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकली त्यात या तत्त्वाचा मोठा वाटा. नंतरच्या काळात यावर टीकाही झाली. उदारपणामुळे चुकीचं लिहिणारे सुधारत नाहीत आणि हल्लेखोरांना फट मिळते, असं सुरक्षेवाले सांगतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण पोस्टेलच्या नेटवर्कवर सगळे एकमेकांना ओळखत होते हे विसरू नका. आज ओळखीशिवाय कडी वाजवणं हा उपद्रव समजतात. म्हणून एक सूचना : परवानगीशिवाय कॉलेजचं नेटवर्क स्कॅन करायला जाऊ नका. प्रयोग करायचाच तर आपल्या दोन पीसींमध्ये करा, नाहीतर लॅबवाल्या सरांना विचारून करा.

पोस्टेल नुसता उदार नव्हता, वेळ पडली तर कडकही होता. अर्पानेटने जुना एनसीपी सोडून टीसीपी-आयपीवर यावं यासाठी १ जानेवारी १९८३ ही तारीख ठरली होती. बदलाचा आराखडा पोस्टेलनेच लिहिलेला. पण लोक ढिम्म हलत नव्हते. आपल्याकडे सबमिशनची तारीख जवळ आली तरी फाइल कोरी असते ना, अगदी तसं! तेव्हा १९८२ च्या मध्यात जुना प्रोटोकॉल एक दिवस बंद करून दाखवला गेला आणि नंतर पुन्हा दोन दिवस. मग धावपळ झाली आणि ठरल्या तारखेला बदल झाला.

नावं लक्षात ठेवणं आकड्यांपेक्षा सोपं, म्हणून त्याच्याच इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मोकापेट्रिसने १९८३ मध्ये डीएनएस बनवलं. देशांसाठी दोन अक्षरी डोमेन ठरवताना पोस्टेलने एक शहाणपण दाखवलं. कुठला देश आणि कुठला नाही, हा वाद आपण घालायचा नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची यादी तयार आहे, तीच वापरायची. मे १९८९ मध्ये भारताच्या डॉट इन ची नोंद झाली. आणि ते सांभाळायचं काम कुणाकडे आलं? आपल्या मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे. ठाण्याहून लोकलने तासा-दीड तासाच्या अंतरावर! १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात ही संस्था आणि पवईची आयआयटी दोन्ही होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते थेट १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे आपल्यासाठी दार उघडण्याच्या सहा वर्षं आधी दारावरची पाटी तयार होती.

१९९५ नंतर मात्र चित्र पालटलं. डोमेनच्या नावांना पैसे पडू लागले. जी यादी फुकटचं कंटाळवाणं काम होतं ती आता सोन्याची खाण झाली. कंपन्या, वकील, सरकारं, सगळ्यांना प्रश्न पडला की हा दाढीवाला माणूस कोण आणि याला अधिकार दिला कुणी? खरं उत्तर असं की कागदावर अमेरिकन सरकारच्या संशोधन कराराचा आधार होता, आणि प्रत्यक्षात आधार होता तो लोकांच्या विश्वासाचा.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेलने एक धाडस केलं. डीएनएसचे मूळ सर्व्हर जगात ठिकठिकाणी होते आणि ते मुख्य यादी व्हर्जिनियातल्या एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवरून घेत. पोस्टेलने आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल केली की यापुढे यादी माझ्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी घेतली! कुणी कोर्टाचा कागद मागितला नाही. वापरणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही, पण व्हाइट हाउसमध्ये खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी पोस्टेलला हे मागे घ्यायला लावलं. आठवडाभरात सगळं पूर्ववत झालं. ही फक्त चाचणी होती, असं पोस्टेलचं स्पष्टीकरण. खरंच चाचणी, की सरकारला दिलेला इशारा? यावर आजही मतभेद आहेत. मला विचाराल तर दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. या माणसाने तीस वर्षांत त्या अधिकाराचा स्वतःसाठी उपयोग केला नाही. आणि तरीही एका माणसाच्या एका मेलवर जगाचं नेटवर्क वळू शकतं, ही व्यवस्था म्हणून धोक्याचीच गोष्ट होती.

बहुधा हे त्यालाही कळलं होतं. त्यानंतरचे महिने तो आपलं काम एका संस्थेच्या हाती देण्यासाठी झटत राहिला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन या संस्थेची नोंदणी झाली. पोस्टेल तिचा तांत्रिक प्रमुख होणार होता. पण हृदयाच्या झडपेचं जुनं दुखणं उलटलं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. वय अवघं ५५. नव्या संस्थेला सोळा दिवस झाले होते. सिएरा नेवाडाच्या डोंगरात पाठीवर सॅक टाकून भटकणं हा त्याचा आवडता छंद. तो राहून गेला. शाळासोबती विंट सर्फने त्याच्यावरचा मृत्युलेख लिहिला आणि तो प्रसिद्ध झाला कुठे, तर आरएफसी मालिकेतच, २४६८ क्रमांकाने. ज्याने हजारो टिपणांना क्रमांक दिले त्याला स्वतःला क्रमांक मिळाला. याहून योग्य श्रद्धांजली काय असणार?

आता शेवटचं. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक ऑफिसात असा एक छोटा पोस्टेल असतो. कुठल्या स्विचची वायर कुठल्या भिंतीतून गेलीय, कुठला पत्ता कुठल्या प्रिंटरला दिलाय, हे त्या एकाच लॅब असिस्टंटला माहीत असतं. त्यांची एक्सेल फाइल, नाहीतर खिशातली डायरी, हीच यादी. आपल्याला त्यांची आठवण फक्त नेट बंद पडल्यावर होते, तीही शिव्या घालायला! आणि ते रिटायर झाले की दुसऱ्या दिवसापासून कुणालाच काही सापडत नाही. ऑटो-डिस्कव्हरी यंत्रं शोधून देते, पण यंत्र तिथे का ठेवलं होतं हे सांगत नाही. ते माणसाने लिहून ठेवावं लागतं.

म्हणून मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला मॉनिटरिंगचा विषय घेणार असाल तर पहिलं पान यादीचं करा. पत्ता, जागा, कशासाठी, कुणी बसवलं, कधी. काम कंटाळवाणं आहे खरं. पण पोस्टेलने आयुष्यभर तेच केलं, आणि म्हणून आज रात्री तुम्ही गेटवेला हाक मारलीत तर तो ओ देईल. वायर निघालेली नसेल तर!